डोंगरातला पाऊस मोजतंय कोण?

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. १५१ माणसं गेली. बाहेर हे कळलं कसं, तर एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही म्हणून. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला पहाटे, केरळात वायनाडचं मुंडक्कई-चूरलमला वाहून गेलं. तिथली एक गोष्ट मात्र वेगळी होती, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोललं नाही.

कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या संस्थेने वायनाडभर दोनशेच्या आसपास पर्जन्यमापक बसवलेत आणि बऱ्याच ठिकाणी पाऊस मोजतात ते तिथलेच शेतकरी. २९ जुलैला सकाळी मुंडक्कईजवळच्या पुथुमलाचा आकडा आला, २०० मिमी. दरड येऊ शकते, असं संस्थेने त्याच दिवशी प्रशासनाला कळवलं. पुढच्या चोवीस तासांत आणखी ३७२ मिमी पडला. त्या रात्रीही बरीच माणसं आपापल्या घरातच होती. म्हणजे मोजणं जमलं, हलवणं राहिलं.

आपलं तर मोजण्यापासूनच अडतं. महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाचं स्वयंचलित केंद्र महसूल मंडळाला एक. सपाटीवर ते चालूनही जाईल, पण सह्याद्रीत खाली भुरभुर असते तेव्हा वर आभाळ फाटलेलं असतं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दिवशी महाडचं तळिये गेलं. दोन वर्षांनी इर्शाळवाडी. ती तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती. वर जायला पायवाट, त्यामुळे जेसीबी चढवता आला नाही, ढिगारा हातांनी उपसावा लागला.

यावर आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे प्रशिक्षण. निधी संपवायचा असतो म्हणून ते मार्चमध्ये, तालुक्याच्या हॉलमध्ये. मार्चमध्ये अर्धा पाडा वीटभट्टीवर असतो हो! जे उरलेत ते येतात, सह्या करतात, वडापाव खातात, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून प्रोजेक्टर चालू असतानाच उठतात. त्यात त्यांचं काय चुकलं?

माझं म्हणणं साधं आहे. दरडीच्या छायेतल्या प्रत्येक पाड्यावर एक साधा पर्जन्यमापक द्या आणि तो बघायला पाड्यातलीच एक बाई नेमा, मानधन देऊन. रोज सकाळी साडेआठला मोजनळी डोळ्यांच्या रेषेत धरायची, आकडा वहीत लिहायचा, फोनवर कळवायचा. मुसळधार असेल तर दर तीन तासांनी. यंत्र न सांगणाऱ्या खुणाही तिलाच दिसणार: खाचराच्या वरच्या अंगाला पडलेली नवी भेग, एकाएकी गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, कललेलं झाड, कालपर्यंत लागत असलेलं आणि आज चौकटीत अडकणारं दार. म्हाताऱ्यांना यातलं पुष्कळ ठाऊक असतं, फक्त ते कुठल्या रजिस्टरमध्ये जात नाही.

"म्हणजे सरकारने हात वर करायचे आणि गावानेच मोजून गावानेच पळायचं का?" असं एका मित्राने विचारलं. नाही. कुठल्या डोंगराला किती पाऊस धोक्याचा, हे भूवैज्ञानिकांनीच ठरवून द्यायला हवं. पण तो आकडा ओलांडला की पाडा खाली करायचा अधिकार तिथल्या तिथे असावा, तहसीलदारांचा फोन लागेपर्यंत थांबायला लागू नये. रात्री दोनला रेंज कुठली?

आणि जायचं कुठे, हेही आधी ठरलेलं पाहिजे. शाळा चालेल असं आपण म्हणतो, पण ती बऱ्याचदा त्याच उताराखाली असते. शिवाय दावणीला गाय आणि दोन शेळ्या सोडून कुणी हलत नाही. निवाऱ्याशेजारी गोठा नसेल तर घरटी एक माणूस राखणीला मागे राहणारच. दोनदा हलवलं आणि काहीच झालं नाही, तर तिसऱ्यांदा लोक ऐकत नाहीत, हा प्रश्न खराच आहे. तरी आकडा आपल्याच पाड्यातल्या बाईने मोजलेला असेल तर त्यावर निदान ओटीवर बसून भांडता येतं.

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पेव्हर ब्लॉकला पैसे असतात. मोजनळी, वही आणि चार महिन्यांचं मानधन त्याच आराखड्यात बसायला हरकत नसावी. पुढच्या ग्रामसभेत कुणी हा विषय मांडणार असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.