गाव कोणतं, ते सांगा आधी

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तेच. "बघा, विदेशातल्या मोठ्या पेपरनं आपल्याबद्दल काय छापलं!" खाली धूसर कात्रण. पेपरचं नाव अर्धं कापलेलं, तारीख गायब. त्यावर हात जोडलेल्यांची ही रांग! मी एवढंच विचारलं, कोणत्या गावचा पेपर? तर एक काका म्हणतात, "तुला तर प्रत्येकच गोष्टीत खोट दिसते ना बाप्पा."

अहो काका, २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचं असंच खोटं पहिलं पान फिरलं होतं. त्यावर सप्टेंबरचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं! शेवटी त्या पेपरलाच सांगावं लागलं, हे आमचं नाही. तेव्हाही तुम्ही हात जोडलेच असतील.

माझे बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते. रात्रीच्या गाडीत टपाल वेगळं करण्यात नोकरी गेली. कोणतीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" म्हणून त्यांना टॅबवर पेपरांचा नकाशा उघडून दिला. टिंबावर बोट ठेवलं की त्या गावच्या पेपरचं पहिलं पान समोर. वॉशिंग्टनचं न्यूझियम, म्हणजे बातम्यांचं संग्रहालय, हे रोज दाखवायचं. ते संग्रहालय २०१९ च्या शेवटी बंद झालं, तरी ते चालवणाऱ्या फ्रीडम फोरम या संस्थेनं पानं लावणं सोडलं नाही.

दुसऱ्या एका नकाशावर जगभरातल्या पेपरांच्या टाचण्याच टाचण्या. त्यावर बाबा सरकत सरकत पार उत्तर ध्रुवाकडे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येनला पोचले. वस्ती अडीच हजारांच्या आसपास, पण १९४८ पासून स्वतःचा पेपर आहे, स्वालबार्डपोस्टेन. बाबा म्हणाले, "एवढुशा गावात खोटं छापलं, तर संपादकाला किराणा दुकानातच धरतील बे लोक!"

तेच म्हणतोय मी. त्या कात्रणाच्या मालकाला कोणत्या दुकानात धरायचं?

बरं, पेपरवालेही थापा मारतात, मान्य. नकाशावरचे परदेशी पेपर वाचायला मशीनचं भाषांतर घ्यावं, तर ते कधीकधी हसून हसून पोट दुखवतं. पण ज्या नागपुरात १९११ मध्ये हितवाद हा पेपर निघाला, तिथल्या शिकल्यासवरल्या माणसांनी बिननावाचं कात्रण पुढे ढकलावं? चीड येते राजेहो.

काका माणूस लाखाचा. आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर दवाखान्यात बसून होते, चहासुद्धा स्वतःच आणून द्यायचे. म्हणूनच जास्त लागतं.

काका, रविवारी या घरी. तर्री-पोहे करतो, नकाशाही दाखवतो. फक्त बाबांच्या हातून टॅब सोडवायचं काम तुमच्याकडे.