डांग्या खोकल्याची नाकातली लस आणि रंकाळ्यावर फिरणारा संदेश

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटात आलेला एक संदेश दोन दिवसांत मला आणखी तीन ठिकाणांहून मिळाला. त्यातले म्हणणे असे: डांग्या खोकल्याचे जिवंत जंतू नाकात सोडणारी लस आता शाळांतून देणार आहेत; इंजेक्शनने सर्वांगात प्रतिकारशक्ती येत असताना तिची गरज नाही; ते जंतू उलटून घरभर रोग पसरवतील, कारण १९३० साली जर्मनीत तसेच झाले; आणि नाकातले औषध थेट मेंदूत जाते.

पहिला मुद्दा ‘सर्वांगात’ या शब्दाचा. दंडात टोचलेल्या लशीमुळे मुख्यतः रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांतली फारच थोडी नाकाच्या अस्तरावर पोहोचतात. त्या ओल्या पृष्ठभागाचे रक्षण प्रामुख्याने आयजीए नावाची निराळी प्रतिपिंडे करतात. अस्तराखालच्या पेशी ती तयार करतात, अस्तराच्या पेशी ती उचलून शेंबडात सोडतात, आणि जंतूची ओळख त्याच पृष्ठभागावर झाली तर ही यंत्रणा विशेष जोमाने जागी होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात, जंतूचे निवडक घटक असलेली लस टोचलेली बबून माकडे आजारी पडली नाहीत, तरी त्यांच्या नाकाघशात जंतू वाढले आणि शेजारच्या माकडांना लागले. (आपल्या सरकारी कार्यक्रमातली लस संपूर्ण मृत जंतूंची आहे, म्हणून हा निष्कर्ष तिला जसाच्या तसा लावू नये.) डांग्या खोकला सर्वाधिक जिवावर बेततो तो तान्ह्या बाळांच्या, आणि त्यांना तो बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो, म्हणून जंतूला नाकातच अडवण्याला महत्त्व आहे.

जंतू उलटण्याची भीती निराधार नाही, कारण तोंडाने देण्याच्या पोलिओ लशीतला विषाणू क्वचित तसा उलटतो. परंतु फ्रान्समधील लील येथील पाश्चर संस्थेत तयार झालेल्या बीपीझेडई-१ या, नाकातल्या लशीत वापरलेल्या डांग्या खोकल्याच्या जंतूत एका विषाचे जनुक समूळ काढले आहे, दुसऱ्या विषाची मारकता जनुक बदलून घालवली आहे, आणि तिसऱ्याचे प्रमाण अगदी कमी केले आहे. काढून टाकलेले जनुक आपोआप परत उगवत नाही. जर्मनीतील ल्युबेक येथे बीसीजी ही क्षयाची लस पाजलेली सत्तरहून अधिक बालके दगावली हे खरे, पण चौकशीत दोष प्रयोगशाळेत लशीत मिसळलेल्या मारक क्षयजंतूंचा निघाला; लशीचा जंतू उलटला नव्हता. संदेशकर्त्याने नेमका हाच भाग गाळला आहे.

मेंदूच्या दाव्यामागेही एक खरी घटना असावी. स्वित्झर्लंडमध्ये २०००–०१ च्या हंगामात नाकातून दिलेल्या फ्लूच्या लशीनंतर काहींच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि ती लस मागे घेतली गेली. ती मृत विषाणूंची होती, आणि संशय तिच्यात मिसळलेल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या विषावर आला. बिघाड चेहऱ्याच्या मज्जातंतूत होता, मेंदूत नव्हे. तरीही नाकातल्या प्रत्येक नव्या लशीची या अंगाने तपासणी व्हायलाच हवी, असे माझे मत आहे.

शाळांत देण्याची गोष्ट तर निव्वळ बनावट आहे. अमेरिकेतील प्रौढांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले, पण ही लस अजून परवान्यापर्यंत पोहोचलेली नाही. कोल्हापुरात काय किंवा इतरत्र काय, सरकारी दवाखान्यात बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची लस), आणि पुढे सोळा ते चोवीस महिन्यांत व पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणीचे बूस्टर मिळते, तेही इंजेक्शननेच.