लिलियन गिश ग्रिफिथची बाहुली नव्हती

मूकपटांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो: "अमेरिकी नटी लिलियन गिश ही दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं घडवलेली बाहुली. तो सांगेल तसे हातवारे तिनं केले. त्याची साथ सुटली आणि ती संपली. बोलपट आल्यावर तर घरीच बसली." यातलं एकही विधान टिकत नाही.

बाहुली? १९१२ मध्ये ग्रिफिथनं तिला कॅमेऱ्यापुढे आणलं, पण त्याआधी लहानपणापासून ती रंगभूमीवर कामं करत होती. ग्रिफिथ पटकथेपेक्षा तालमींवर विसंबून असे, म्हणजे प्रसंगातल्या हालचाली बऱ्याचदा नटांनाच शोधाव्या लागत. 'ब्रोकन ब्लॉसम्स'मध्ये (१९१९) मार खाऊन दबलेली मुलगी दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलून हसू आणते. ती युक्ती गिशची. त्याच चित्रपटात बाप कुऱ्हाडीनं दार फोडत असताना कोंडलेली मुलगी जागच्या जागी गरगर फिरते. तसं फिरणं तालमीत ठरलेलं नव्हतं, असं तिनं स्वतः सांगितलं आहे. 'वे डाउन ईस्ट'मध्ये (१९२०) वाहत्या हिमखंडावर बेशुद्ध पडल्यावर हात आणि केस पाण्यात सोडायची कल्पनाही तिचीच. व्हर्मॉन्टच्या थंडीत असे कितीतरी टेक झाले आणि त्या हाताची दुखापत तिला कायमची राहिली.

ग्रिफिथचं श्रेय नाकारायचं कारण नाही. चेहऱ्याजवळ कॅमेरा नेऊन थांबण्याचं धैर्य त्याचं. पण त्याला नायिका बागडणाऱ्या, भाबड्या लागत. गिशच्या कामातला जो भाग आज खटकतो, तो बहुतेक या आवडीतून आलेला आहे.

आता हातवारे. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. वेग साधारण सेकंदाला १६ ते २० चौकटी (फ्रेम). तीच फिल्म २४ चौकटींनी दाखवली की हालचाल सव्वा ते दीडपट वेगानं होते, श्वास धापेसारखा दिसतो आणि दोष नटीच्या माथी येतो. इंटरनेटवरची प्रत घाईची वाटली तर प्लेअरचा वेग ०.७५ करून पाहा: २४ च्या १८ चौकटी होतात आणि बहुतेक वेळा चेहरा लगेच शांत होतो.

'संपली' हे विधान तर सर्वांत चुकीचं. १९२१ नंतर ग्रिफिथपासून वेगळी झाल्यावर १९२५ मध्ये ती हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत गेली. 'ला बोहेम'साठी (१९२६) दिग्दर्शक किंग व्हिडॉरला तिनंच निवडलं, तेही त्याच्या 'द बिग परेड'ची रिळं पाहून. 'द स्कार्लेट लेटर'साठी स्वीडनचा दिग्दर्शक व्हिक्टर शोस्ट्रॉम हवा, हा आग्रहही तिचाच. शोस्ट्रॉम स्वतः नट होता. त्यानं तिचं बागडणं बंद केलं, तिच्या नजरेवर भर दिला. त्याचाच 'द विंड' (१९२८) मोहावीच्या वाळवंटात चित्रित झाला. वाऱ्यासाठी विमानांची आठ इंजिनं आणली होती. वाळू, लाकडाचा भुसा आणि धूर तोंडावर येत होता. दाराच्या तापलेल्या मुठीनं तिचा हात भाजला. या चित्रपटात नायिकेनं पुरलेलं प्रेत वारा उघडं पाडतो, ती खिडकीतून पाहते. तिथं हातवारे जवळजवळ नाहीतच. डोळे मोठे होत जातात तेवढंच. आमच्या मते तिचं सर्वोत्तम काम ग्रिफिथचं नव्हे, हे आहे.

आणि आवाज? १९३० मध्ये ती न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर चेकॉव्हच्या 'अंकल वान्या'त उभी राहिली, १९३६ मध्ये ब्रिटिश नट जॉन गिलगुडच्या हॅम्लेटसमोर ऑफेलिया झाली. नव्वदी ओलांडल्यावरही तिनं 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट'मध्ये (१९८७) प्रमुख भूमिका केली.