किल्ट घालून गेलं तर मत देऊ देत नाहीत म्हणे!

गेल्या आठवड्यात साताऱ्याच्या आत्याने घरच्या ग्रुपवर किल्टबद्दल, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या, चौकटीच्या कापडाच्या निऱ्यांच्या घागऱ्याबद्दल, एक मेसेज ढकलला. दोन दिवसांत तोच मेसेज आमच्या एडिनबरातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आला आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर. मजकूर असा:

"स्कॉटलंडमध्ये मतदानाला पारंपरिक किल्ट घालून गेलात तर परत पाठवतात! कारण किल्ट हा स्वतंत्र स्कॉटलंडवाल्यांचा गणवेश आहे आणि केंद्रात प्रचाराला बंदी आहे. इंग्रजांनी 1746 मध्ये किल्टवर घातलेली बंदी अजून कायद्यात आहे. मोज्यात सुरी सापडली तर थेट अटक! आणि आपल्याकडे? फेटा, धोतर, नऊवारी, काहीही नेसा आणि मत द्या. हीच खरी लोकशाही. पुढे पाठवा."

ग्रुपवर सत्तावीस अंगठे आले. मी इथे राहते, इथे मत देते, त्यामुळे गप्प बसवेना. (हो, भारतीय पासपोर्टवरच मत देते. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथे रीतसर राहत असतील तर त्यांना ब्रिटनच्या निवडणुकांत मताचा हक्क आहे. आत्याला हेही खरं वाटत नव्हतं.)

"परत पाठवतात."

4 जुलै 2024, संसदेची निवडणूक. स्कॉटलंडातल्या शाळांना तेव्हा सुट्टी लागलेली असते, म्हणून आमचं केंद्र असलेल्या प्राथमिक शाळेत मुलं नव्हती. पण भिंतीवर त्यांची चित्रं होती आणि केंद्राध्यक्षबाई मुलांच्या त्या बुटक्या टेबलामागे गुडघे दुमडून बसल्या होत्या. माझ्या पुढे आमच्याच गल्लीतले एक सत्तरीचे आजोबा. अंगावर काळं जाकीट, गडद हिरवा किल्ट, पोटावर स्पोरन, म्हणजे किल्टवर बांधायची पिशवी. कुणा मित्राच्या अंत्यविधीला निघाले होते, वाटेत मत देऊन जावं म्हणून आले. लग्नाला आणि मयताला किल्ट घालतात इथे, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

बाईंनी नाव-पत्ता विचारला आणि म्हणाल्या, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवा. किल्टला खिसा नसतो. आजोबांनी स्पोरनची झडप उघडली, आधी चष्म्याची डबी काढली, मग एक रुमाल, मग दोन पेपरमिंटच्या गोळ्या, आणि सगळ्यात तळाशी म्हाताऱ्यांचा बसचा पास. हा पास ओळखपत्र म्हणून चालतो. बाईंनी पासवरचा चेहरा पाहिला, समोरचा पाहिला, मतपत्रिका हातात दिली. आजोबा आडोशाला गेले, दोरीने बांधलेल्या बुटक्या पेन्सिलीने फुली मारली, घडी पेटीत टाकली आणि बाहेर खांबाला बांधलेला कुत्रा सोडून चालते झाले. बोटाला शाई नाही, काही नाही. सगळं मिळून तीन मिनिटं, त्यातली दोन स्पोरनमध्ये गेली.

एका आजोबांवरून कायदा सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणून कायदाच सांगते. ब्रिटनमध्ये मतदाराला पोशाखाचा नियमच नाही. मत नाकारायला कारणं मोजकी: यादीत नाव नसणं, तुमच्या नावावर आधीच मत पडलेलं असणं, संशय आला म्हणून विचारलेल्या ठरावीक प्रश्नांना नीट उत्तर न देणं, आणि 2022 च्या निवडणूक कायद्यानंतर जिथे लागतं तिथे फोटो ओळखपत्र नसणं. हे ओळखपत्र लंडनच्या संसदेच्या निवडणुकीला लागतं. स्कॉटिश पार्लमेंटच्या आणि इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला लागत नाही. चेहरा झाकलेला असेल तर ओळख पटवण्यापुरता दाखवावा लागतो, तोही मागितलं तर आडोशाला. गुडघ्यांबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. केंद्रात कुणी दंगा केला तर त्याला बाहेर काढता येतं, पण त्या निमित्ताने हक्काच्या मतदाराचं मत बुडवता येत नाही, हेही नियमातच आहे.

"किल्ट म्हणजे स्वातंत्र्यवाद्यांचा गणवेश."

हे वाचून मला आधी हसू आलं, मग जरा रागच आला. राजे चार्ल्स स्कॉटलंडात आले की किल्ट घालतात. त्यांच्या घराण्याचा बालमोरल नावाचा खास टार्टन, म्हणजे चौकटींच्या कापडाचा नमुना, आहे, तो व्हिक्टोरिया राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी 1853 च्या सुमारास बेतला. हे घराणं स्वतंत्र स्कॉटलंडच्या मागणीसाठी प्रसिद्ध नाही. ब्रिटिश लष्कराच्या रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडचे जवान समारंभाला किल्टमध्ये असतात. उलट साम्राज्य उभं करायला ज्या पलटणी जगभर गेल्या, त्यांत हायलंडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातले लोक, आघाडीवर होते. लांब कशाला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली लढला, तेव्हा त्याच्याकडे 74 वी आणि 78 वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. असईचं नाव आणि हत्तीचं चित्र त्यांनी पुढे अभिमानाने निशाणावर मिरवलं. किल्टचा गणवेश कुणी केला असेल तर तो लंडनच्या सरकारने.

18 सप्टेंबर 2014 च्या सार्वमतात स्वतंत्र व्हायला 44.7 टक्क्यांनी हो म्हटलं, 55.3 टक्क्यांनी नाही. मतदान 84.6 टक्के झालं होतं. एवढी गर्दी लोटली त्या दिवशी किल्टवाले फक्त एकाच बाजूला होते असं म्हणणं म्हणजे कोल्हापूरचा प्रत्येक फेटेवाला एकाच पक्षाचा आहे म्हणण्यासारखं.

आता प्रचाराचं. केंद्रात प्रचाराला बंदी आहे, एवढा भाग खरा. पण इथे मतदार पक्षाचा बिल्ला लावून आला तरी तेवढ्यावरून त्याला परत पाठवत नाहीत; मत द्यावं, रेंगाळू नये, दुसऱ्याला सांगत बसू नये, इतकीच अपेक्षा. बिल्ला चालतो तिथे चौकटीच्या कापडाचं काय घेऊन बसलात?

मला वाटतं या मेसेजमध्ये अमेरिकेची भेसळ झाली आहे. तिथे काही राज्यांत केंद्राच्या आत राजकीय कपड्यांना खरंच मनाई असते. मिनेसोटात तर "राजकीय" बिल्ला, बटण किंवा चिन्ह असं मोघम लिहिलेलं होतं. 2010 मध्ये टी-शर्ट आणि बटणावरून एका मतदाराला अडवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2018 मध्ये न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती बंदी रद्द केली. कारण हेच, की "राजकीय" म्हणजे काय ते कुणालाच धड सांगता येईना. आणि गंमत म्हणजे त्या जुन्या नियमातही, मतदाराने ऐकलं नाही तर त्याची नोंद करायची, पण मत देऊ द्यायचं, असंच होतं.

"1746 ची बंदी अजून कायद्यात आहे."

या एका वाक्यात अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं फार रंगतदार आहे.

एप्रिल 1746 मध्ये स्कॉटलंडातल्या कलोडनच्या माळावर, ब्रिटनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने उठलेल्या हायलंडरांचा मोड झाला. त्यानंतर लंडनच्या संसदेने कायदा केला, की 1 ऑगस्ट 1747 पासून स्कॉटलंडात कुणाही पुरुषाने वा मुलाने हायलंडी पोशाख घालायचा नाही. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं समुद्रापलीकडच्या मळ्यांवर. बायकांना बंदी नव्हती. आणि राजाच्या फौजेतल्यांनाही नव्हती! म्हणजे किल्ट घालायचा असेल तर ज्याने हरवलं त्याच्याच पलटणीत भरती व्हा. असईचा रस्ता इथूनही निघतो.

पण हा कायदा 1 जुलै 1782 रोजी रद्द झाला. कागदोपत्रीसुद्धा शिल्लक नाही. आपल्याकडे सवाई माधवराव लहान होते, नाना फडणवीस कारभार बघत होते, तेव्हाची ही गोष्ट. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 1822 मध्ये, चौथे जॉर्ज एडिनबराला आले. सुमारे पावणेदोनशे वर्षांत स्कॉटलंडात पाऊल ठेवणारे हे पहिले राजे. स्वागताची सगळी आखणी वॉल्टर स्कॉट या कादंबरीकाराने केली आणि खुद्द राजांना किल्ट घातला, खाली गुलाबी घट्ट विजारीसह. ज्या एडिनबराच्या सभ्य लोकांना किल्ट म्हणजे डोंगरातल्या दांडगटांचा अवतार वाटायचा, ते त्या ऑगस्टमध्ये शिंप्यांकडे रांगा लावून उभे.

आणि मेसेज लिहिणाऱ्याने एक साधी गोष्ट तपासली नाही. किल्टवर बंदी होती त्या पस्तीस वर्षांत मत होतं कुणाला? 1832 च्या सुधारणेआधी अख्ख्या स्कॉटलंडात जेमतेम साडेचार हजार मतदार होते, सगळे जमीनदार नाहीतर नगरपालिकेतली बडी मंडळी. सुधारणेनंतर ते पासष्ट हजारांच्या घरात गेले. गुप्त मतदान तर 1872 मध्ये आलं. बंदीच्या काळात ज्याच्या अंगावरून किल्ट उतरवला त्या गरीब हायलंडराला मतदानाची पायरीच माहीत नव्हती, मग त्याला तिथून परत कोण पाठवणार?

"मोज्यात सुरी सापडली तर अटक."

आजोबांच्या उजव्या मोज्यातून काळी मूठ डोकावत होती. तिला स्किअन डू म्हणतात, गेलिकमध्ये काळी सुरी. बाईंनी मोज्याकडे पाहिलंही नाही.

नुसतं धारदार पातं घेऊन रस्त्यावर फिरणं स्कॉटलंडात गंभीर गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. पण 1995 च्या फौजदारी कायद्यात अपवाद नेमके लिहिले आहेत: कामासाठी, धार्मिक कारणासाठी आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून. शाळेच्या आवारासाठी वेगळं कलम आहे, त्यातही हे अपवाद ठेवले आहेत, आणि केंद्रं बऱ्याचदा शाळेतच असतात. ज्या अपवादाने शिखांची कृपाण चालते, त्याच्याच शेजारच्या ओळीत किल्टवाल्याची सुरी बसली आहे. मात्र जीन्सच्या खिशात स्किअन डू घालून "माझा राष्ट्रीय पोशाख" म्हणालात तर पोलीस ऐकणार नाहीत. बाहेर काढून मिरवलीत तर पोशाखाचा अपवाद तुमच्या मदतीला येणार नाही.

ग्रुपवर एकाने भर घातली होती, की किल्ट फक्त त्या त्या कुळातल्यांनीच घालायचा, आपण घातला तर गुन्हा. असा कायदा नाही. टार्टनची सरकारी नोंदवही आहे, 2008 च्या कायद्याने झालेली; तिच्यात डिझाइनची नोंद होते, घालणाऱ्याच्या जातकुळीची नाही.

"आपल्याकडे काहीही नेसा आणि मत द्या."

नेसा की, पण त्यावर काय छापलंय ते बघून. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 130: मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायचा नाही, निवडणुकीशी संबंधित चिन्ह दाखवायचं नाही. दंड अडीचशे रुपयांपर्यंत. पक्षाचं उपरणं किंवा टोपी घालून आत शिरणाऱ्याला आपल्याकडचा केंद्राध्यक्ष ती काढायला लावतो, आणि बरोबर करतो. म्हणजे या एका बाबतीत नियम आपलेच जास्त कडक आहेत. नऊवारी नेसून, नथ घालून रांगेत उभ्या असलेल्या बायकांचे फोटो दर निवडणुकीला पहिल्या पानावर येतात ते त्या नऊवारीवर कमळ, हात, मशाल काही नसतं म्हणून. तसंच हे किल्टचं. त्यालाही चांगला शिवायचा तर आठ वार कापड लागतं. आमच्याकडे नवरा त्याला आठवारीच म्हणतो.

हे सगळं मी आत्याला लिहून पाठवलं. मेसेज मागे घेतला तिने, पण सरळ कबूल करेल तर ती आत्या कसली. तिचं उत्तर आलं: "ते सगळं ठीक गं. पण तुझा नवरा आठवारी म्हणतो, तू किल्ट घालतात म्हणून लिहिलंस. तो नेसतात की घालतात, ते आधी ठरवा."

प्रश्न अगदी चोख होता. 1746 च्या आधीचा थोरला किल्ट, फेले मोर, म्हणजे एकच लांबलचक न शिवलेलं वस्त्र. जमिनीवर पसरायचं, चुण्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. तो नेसायचा. आजोबांचा होता तो शिवलेला, निऱ्या पक्क्या टाचलेल्या, बाजूला बकलं. तो घालायचा.