अर्धा टक्का तरी नाशिककरांना ठरवू द्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये नाशिकच्या तपोवनातल्या झाडांवरून जे पेटलं ते मी इथे वॉर्सात बसून फोनवर बघत होतो. साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, सतराशे-अठराशे झाडं काढायची नोटीस निघाली, हरकती मागवल्या, शेकडो लोकांनी त्या दिल्या, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. आमच्या फॅमिली ग्रुपवरही दोन तट पडले. इंदिरानगरचे मामा म्हणत होते की कुंभ काय दरवर्षी येतो का, लाखो लोक येणार, साधूंची सोय नको करायला? आणि गंगापूर रोडची मावसबहीण तिथे झाडाला हात लावून उभ्या राहिलेल्या लोकांचे फोटो टाकत होती. मला दोघांचंही पटत होतं खरं तर. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कुंभ बारा वर्षांनी येणार हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, साधुग्राम तपोवनात होतं हेही माहीत, मग २०१५ चा कुंभ संपल्यापासून जी दहा वर्षं मिळाली त्यात लोकांना कोणी बसवून का नाही विचारलं? विचारलं ते नोटीस निघाल्यावर. नाशिककराला आपल्याच शहराबद्दल बोलायची जागा मिळते ती फक्त "हरकती व सूचना" या रकान्यात, तेही सगळं ठरून झाल्यावर.

आता जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, जवळपास चार वर्षांचं प्रशासक राज संपलं, ते चांगलंच झालं. पण मामांचं म्हणणं आता असं की नगरसेवक आले ना, त्यांना सांगा, हे लोकसहभाग वगैरे फॅड कशाला. यावरच मला लिहायचंय. माझं म्हणणं एवढंच की महापालिकेच्या बजेटचा निदान अर्धा टक्का कोणत्या कामांवर घालायचा ते नाशिककरांनी स्वतः सुचवून, मतं देऊन ठरवावं.

इथे पोलंडमध्ये २०१८ साली कायदा झाला की मोठ्या शहरांनी आपल्या खर्चाचा किमान अर्धा टक्का नागरिकांनी सुचवलेल्या आणि नागरिकांनीच मतं देऊन निवडलेल्या कामांवर घालायचा, ऐच्छिक नाही, सक्तीचं. वॉर्सात तर त्याच्या आधीपासूनच चालू होतं. शहरात राहणारा कोणीही मत देऊ शकतो, नागरिकत्व लागत नाही, शाळेतली पोरंही देतात. म्हणजे मी, ज्याला इथल्या संसदेसाठी मतदान करता येत नाही, तो आमच्या भागातल्या फुटपाथवर आणि झाडांवर मत देतो.

सगळं गोडगोड आहे असं अजिबात नाही. मतदान दहा टक्क्यांच्या आतच अडकतं, ज्यांना वेळ आहे आणि फॉर्म भरायची सवय आहे तेच पुढे येतात, आणि अर्धा टक्का म्हणजे शहराच्या मोठ्या निर्णयांना हातही लागत नाही. हे मान्य. पण एक गोष्ट मी जवळून बघितली ती सांगतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजीबाईंनी ट्राम स्टॉपजवळच्या उघड्या पट्ट्यात झाडं आणि दोन बाकं असा प्रस्ताव टाकला होता. महापालिकेच्या माणसाने त्याची तपासणी केली आणि साइटवर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की या पट्ट्याखालून घरं तापवणाऱ्या गरम पाण्याची लाइन जाते, इथे मुळं चालणार नाहीत. खाली नकाशा. आजींनी प्रस्ताव बदलला, झाडं रस्त्याच्या पलीकडे नेली, बाकं आहे तिथेच ठेवली, जिन्यात कागद चिकटवून मतं मागितली आणि ते काम निवडून आलं. मला यात मतदानापेक्षा तो नकाशा मोठा वाटतो. एका सामान्य बाईला शहराने लेखी सांगितलं की का नाही, आणि ते कारण मी वाचू शकलो, कुणीही वाचू शकतो, पटलं नाही तर अपीलही करता येतं. आपल्याकडे हेच मिळत नाही. अर्ज दिला की पोच मिळते, पुढे काय झालं ते कळायला माहिती अधिकार टाकावा लागतो.

"तिकडचं इथे चालत नाही" हे मला दर सुट्टीत ऐकावं लागतं. अहो, ही कल्पना युरोपची नाहीच, १९८९ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेमध्ये सुरू झाली, गटार आणि नळ नसलेल्या वस्त्यांमधून. आणि आपल्या शेजारी पुण्यात २००६ पासून आहे, प्रभागातला माणूस फॉर्म भरून पाच लाखांपर्यंतचं काम सुचवू शकतो. पुणेकरांची जुनी तक्रार हीच की सुचवलेल्याचं पुढे काय झालं ते कळत नाही, म्हणजे पुन्हा उत्तराचाच प्रश्न. नाशिकने पुण्याची पद्धत घ्यावी आणि ही उणीव भरून घ्यावी.

कायद्याचंही सांगतो. १९९३ ला शहरांच्या स्थानिक कारभाराची ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली, त्यातून प्रभाग समित्या आल्या, नाशिकमध्ये सहा विभागांच्या सहा, पण तिथे बसतात मुख्यतः नगरसेवकच. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात २००९ मध्ये घातली गेली, ती कागदावरच राहिली. १९८२ मध्ये महापालिका झाली तेव्हा मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी ही गावं शहरात आली आणि त्यांची ग्रामसभा गेली. शेजारच्या गावातला शेतकरी ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला हिशोब विचारू शकतो आणि मखमलाबादचा माणूस नाही विचारू शकत, हे मला फार खटकतं. पुढे स्मार्ट सिटीची नगररचना योजना, म्हणजे जमिनी एकत्र करून नव्याने आखायची योजना, त्याच मखमलाबादेत आली तेव्हा शेतकऱ्यांना विरोधासाठी मोर्चे काढावे लागले, कारण बोलायला दुसरी जागाच नव्हती.

२०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त असताना "वॉक विथ कमिशनर" व्हायचं, लोक पहाटे रांगा लावून तक्रारी सांगायचे, म्हणजे नाशिककरांना उत्साह नाही असं कोणी म्हणू नये. पण नोव्हेंबरात त्यांची बदली झाली आणि ते बंद पडलं. एका माणसाच्या मर्जीवर चाललेली गोष्ट त्याच्याबरोबरच जाते, म्हणून मला महासभेचा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेचा, ठराव हवाय.

मामांना माझं उत्तर एवढंच की नगरसेवकाचं काम यातून कमी होत नाही. बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक, कोणत्या कामाला कोणाला धरायचं हेच मतदाराला कळत नाही. लोकांनी निवडलेल्या कामांची यादी हातात असली तर चांगल्या नगरसेवकाला उलट बळच मिळेल.

आकडा बघा. महापालिकेचं बजेट तीन हजार कोटींच्या आसपास, त्याचा अर्धा टक्का पंधरा कोटी, ३१ प्रभागांत वाटले तर प्रत्येकी साधारण ४८ लाख. सिडकोतल्या एखाद्या प्रभागात तेवढ्यात पथदिवे, एक बरं स्वच्छतागृह आणि शाळेसमोरचा फुटपाथ होऊ शकतो. फेब्रुवारीच्या सुमारास आयुक्त स्थायी समितीपुढे बजेट मांडतात, म्हणजे फॉर्म दिवाळीच्या आधी निघायला हवेत, मराठीत, कागदावर पण आणि मोबाइलवर पण, विभागीय कार्यालयात रविवारी सुद्धा घेतले जायला हवेत म्हणजे सातपूर-अंबडच्या कामगारालाही देता येतील. आणि नाकारलेल्या प्रत्येक कामाचं कारण नकाशासकट साइटवर लागलं पाहिजे. नव्या नगरसेवकांपैकी एकाने जरी हा ठराव महासभेत मांडला तरी वॉर्सातले नियम, फॉर्म, तपासणीचे नमुने मराठीत करून द्यायला मी तयार आहे, आणि मावसबहिणीने तिच्या प्रभागातल्या चौघांनाही भेटायचं ठरवलंय.