पत्रादेवी ओलांडली की परदेश

नाताळात परदेशवारी करायची हौस आहे, पण पासपोर्टची मुदत संपलीय आणि युरोचा भाव बघून पोटात गोळा येतोय? अजिबात नाराज होऊ नका. गाडीत पेट्रोल भरा आणि गोव्याला या. आमच्याकडे व्हिसा लागत नाही, कस्टमची रांग नाही, आणि नियम तर तुमच्या ऐकिवात मुळीच नाहीत. तेव्हा बार्देशातल्या एका रहिवाशाच्या या सूचना गाठीशी ठेवा.

मुंबईकरांनी राष्ट्रीय महामार्ग ६६ च धरावा. त्याचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्या साली जन्मलेल्या मुलाला लायसन्स मिळायच्या आत रस्ता पुरा होतो की नाही, यावर गाडीत पैजा लावा, वेळ बरा जातो. कोल्हापूरकरांनी मोबाइलवर नुसतं ‘फोंडा’ टाकावं, फोंडाघाटात उतरावं आणि पहिल्याच टपरीवर गोव्यातल्या दुसऱ्या फोंड्याजवळच्या मंगेशीच्या देवळाची वाट विचारावी. ते देऊळ तिथून शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे, पण टपरीवाल्यालाही सणासुदीला थोडी करमणूक हवीच की.

बांदा मागे पडलं की पत्रादेवी येते, म्हणजे गोव्याची हद्द. इथे आधी सीटबेल्ट काढा, मग गाण्यांचा आवाज वाढवा. डाव्या-उजव्या बाजूला बघायचं कारण नाही. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत हा खरोखरच परदेश होता आणि १५ ऑगस्ट १९५५ ला इथून आत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या होत्या. त्यांचं स्मारक आहे तिथे. पण तुम्ही थांबू नका. स्मारकात थंड बिअर मिळत नाही.

आता भाषेचं. परदेशात स्थानिकांना मराठी कळत नाही हे गृहीतच धरून चाला. मासळीच्या ताटाचा भाव ‘भैया, कितने का?’ असाच विचारा. खानावळवाल्याने ‘बसा हो, आत जागा आहे’ असं मराठीत सांगितलं तरी दाद देऊ नका. मग बायकोकडे वळून मोठ्याने म्हणा, “चोर आहे गं हा, तोंडावरूनच कळतंय. पुढे बघू.” तो शांतपणे टेबल पुसत राहील. सकाळी त्याने मराठी पेपर वाचलेला असतो आणि गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात औरंगजेबाचं काम मिळाल्यामुळे त्याचं पाठांतर चालू असतं. त्याला तुमची वाक्यं उपयोगी पडतील.

ताटावर बसल्यावर हुर्राक मागा. ‘ताजी, गावठी, ओरिजिनल’ अशी मागा. काजूचा मोसम फेब्रुवारी-मार्चनंतरचा आणि हुर्राक ही त्या मोसमातली पहिल्या धारेची दारू. डिसेंबरात झाडावर बोंडं नसतात. पण गिऱ्हाइकाने हट्टच धरला तर कोणी ना कोणी बाटलीत काहीतरी भरून देतंच. ते पिऊन ‘असली चव पुण्यात नाही’ म्हणायला विसरू नका. खरंच नसते.

समुद्राकडे जाताना गाडी पार्किंगमध्ये लावणं हा भित्र्या माणसांचा मार्ग. तुम्ही वीस लाखांची चार चाकांवर जोर असलेली गाडी घेतलीत ती काय सोसायटीच्या गतिरोधकांसाठी? सरळ पुळणीवर घाला. कायद्याने बंदी आहे, पण ती इथल्या लोकांसाठी असणार. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी कडक लागते. तिच्यावर गोल गोल चकरा मारा, एकाने बाहेर उभं राहून चित्रीकरण करावं. चाक थोडं रुतलं की ॲक्सिलरेटर आणखी दाबा, म्हणजे ते नीट रुतेल. ओहोटी संपून पुरी भरती यायला साधारण सहा तास लागतात. तेवढ्यात ट्रॅक्टरवाला येतो, दर सांगतो आणि तुमच्या गाडीच्या किमतीकडे बघून थोडा वाढवतो. हे एकच ठिकाण असं की तिथे घासाघीस करायला तुमच्याकडे वेळ नसतो. दोर बांधेपर्यंत पाणी दारापर्यंत येतं, पायाखालच्या रबरी चटया तरंगू लागतात आणि गर्दीतलं एखादं पोरगं अगदी मनापासून विचारतं, “काका, हिला पोहता येतं?”

फोटोंचं काम पणजीतल्या फोंताइन्यासमध्ये उरका. तिथली निळी-पिवळी घरं रिकामी असून केवळ तुमच्यासाठी रंगवली आहेत. दारावर फोटो काढू नये अशी पाटी असेल तर ती फ्रेममध्ये येणार नाही अशा बेताने पायरीवर बसा. आतून एखादी म्हातारी बाजाराची पिशवी घेऊन बाहेर पडू बघेल. तिला हाताने थोपवा, उजेड जाईल.

चोवीस तारखेच्या रात्री चर्चला अवश्य जा. सगळा गाव नवे कोट, इस्त्रीचे फ्रॉक घालून मिसेला आलेला असेल, तेव्हा हाफ पँटमध्ये तुम्ही उठून दिसाल. पाद्री बोलत असताना मधल्या वाटेवरून चालत जा आणि व्हिडिओत ‘गाइज’ म्हणा. विजयादशमीला तुमच्या देवळात कोणी पोहण्याच्या कपड्यांत आरतीचं चित्रीकरण करायला आलं तर तुम्हाला कसं वाटेल, असले फाजील विचार सुट्टीत करायचे नसतात.

खरा नाताळ दुसऱ्या दिवशी घराघरांतून हिंडतो, पण त्याची जाहिरात नसल्यामुळे तो तुम्हाला दिसणार नाही. आमच्याकडे शेजारच्या घरातून ताट येतं. वर क्रोशाचा रुमाल, खाली बेबिंकाचा एक चौकोन, बोटाला चिकटणारा काळा दोदोल, नेवऱ्या, आणि काट्याच्या पाठीवर वळून तळलेली कुलकुलं. याला कोन्सोआदा म्हणतात. रिकामं ताट परत पाठवायचं नसतं, म्हणून घरात साखर आहे का बघण्यापासून सगळी धावपळ. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जातात, त्या याच ताटातून. असल्या घरगुती कामांत तुमचा वेळ जायला नको. तुम्ही बागाच्या रस्त्यावर गाडीत बसा. दुपारी निघालात तर दिवे लागेपर्यंत किनाऱ्याला पोचाल. मधून पोदेर सायकलवर पाव घेऊन भोंगा वाजवत पुढे जाईल. त्याला हॉर्न द्या, रस्ता त्याच्यामुळेच तुंबला आहे.

एकतीसपर्यंत राहिलात तर गावातल्या रस्त्यावर पोरं दोरी आडवी धरून तुमची गाडी अडवतील. बाजूला खुर्चीत एक म्हातारा बसलेला असेल: पेंढा भरलेली जुनी पँट, बापाचा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात रिकामी बाटली. हा ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरतं वर्ष. मध्यरात्री त्याला जाळतात आणि फटाक्यांचे पैसे असे वाटसरूंकडून गोळा करतात. घाबरून पोलिसांना फोन लावा. परराज्याच्या नंबरप्लेटची ही लूट असल्याचं सांगा आणि पोरांकडे पावती मागा. त्यातली एखादी चुणचुणीत पोरगी वहीचं पान फाडून लिहूनही देईल, त्यावर सही म्हाताऱ्याची.

राहता राहिला परतीचा प्रवास. इन्सुलीला महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्कवाल्यांचा नाका आहे आणि गोवा बनावटीची दारू पलीकडे न्यायला बंदी आहे, ही बातमी दर आठवड्याला सिंधुदुर्गाच्या पेपरात छापून येते. पण तुम्ही हुशार आहात. बाटल्या स्टेपनीच्या खाली टॉवेलात गुंडाळून ठेवा, वर मुलांचे ओले कपडे टाका. ही जागा जगात फक्त तुम्हालाच सुचली आहे. साहेब ‘जरा डिकी उघडा’ म्हणाले की पटकन हसून सांगा, “आम्ही तर नुसते पोरांना चर्च दाखवायला गेलो होतो.”