ते चाक सुताराच्या पोराचं नाही हो

आइक्सफेल्ड, राइनगाउ भागातल्या जर्मन गावांच्या ढालीवर, म्हणजे गावाच्या ढालीच्या आकाराच्या अधिकृत चिन्हावर, लाल रंगात पांढरं सहा आऱ्यांचं चाक दिसतं, आणि त्याची एक गोष्ट सारखी फिरते. जर्मनीतल्या माइन्झ शहराचा आर्चबिशप (म्हणजे चर्चचा बडा धर्मगुरू) विलिगिस गाड्या बनवणाऱ्याचा मुलगा, चर्चमधले बडे लोक त्याला टोमणे मारायला दारावर चाकं रंगवायचे, तर पठ्ठ्याने तेच आपलं चिन्ह केलं. गोष्ट भारी आहे, मलाही आवडते, पण हिशेब जुळत नाही ना! विलिगिस आर्चबिशप होता 975 ते 1011, आणि अशी ढालीवरची चिन्हं युरोपात रुळली तीच मुळी 12व्या शतकात, म्हणजे विलिगिस जाऊन शंभरेक वर्षं झाल्यावर. माइन्झचं चाक तर 13व्या शतकातल्या शिक्क्यांवर दिसायला लागतं.

मग गावांकडे कसं आलं? सोप्पंय, ही गावं माइन्झच्या आर्चबिशपच्या राज्यात होती, पार 1800च्या आसपासपर्यंत, म्हणून मालकाचं चाक त्यांच्या ढालीवर. त्यामुळे चाक दिसलं की 'इथे गाड्या बनायच्या' असं लगेच ठोकून देऊ नका. खुद्द माइन्झ शहराच्या ढालीवर तर दोन चाकं आहेत, मध्ये क्रॉसने जोडलेली.